लमझन्याचे नाव कोणत्या कार्डावर?

“यांचं नाव कुठंच नाही,” सेतू केंद्राच्या ऑपरेटरने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितले.

त्याच्यासमोरच्या बाकावर बिरजू बसला होता. वय चोवीस. ओठ निळसर. हृदयाची झडप निकामी झाल्याने चार पावले चालला तरी त्याला धाप लागे. ऑपरेशनसाठी नागपूरला सोमवारी भरती व्हायचे होते; मात्र सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड घेऊनच. आज गुरुवार होता.

मी तहसील कार्यालयाच्या आवारात टेबल मांडून बसणारा अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंत, परंतु या तालुक्यातले पदवीधरही आपला अर्ज माझ्या नजरेखालून घालून घेतात. बिरजूला घेऊन आलेल्या लालसूभाऊंना मी रीतसर समजावले. विम्याचे कार्ड रेशन कार्डावरून निघते. रेशन कार्डावर ज्याचे नाव, त्यालाच विमा.

“याच्या वडिलांच्या कार्डावर नाव असेलच,” मी म्हणालो.

“तुमीच तं कापलं होतं जी. भुलले का?”

मला तो अर्ज आठवला.

बिरजू हा लालसूभाऊंकडे लमझना होता. लग्न ठरलेल्या मुलाने आधी काही वर्षे होणाऱ्या सासऱ्याच्या घरी राहून राबायचे, आणि काम पुरे झाले की लग्न, ही इकडची रीत. दोन वर्षांपूर्वी त्याचे नाव वडिलांच्या कार्डावरून काढून लालसूभाऊंच्या कार्डावर चढवायचे होते. नाव कमी करण्याच्या फॉर्ममध्ये लमझन्यासाठी रकाना नव्हता. ‘स्थलांतर’ लिहिले तर तलाठ्याचा दाखला लागणार होता. ‘विवाह’ लिहिले तर कोणी काही विचारत नसे. मी ‘विवाह’ लिहिले. तिकडून नाव उतरले. इकडे चढवताना मात्र लग्नाचा पुरावा मागितला गेला, आणि लग्न तर झालेच नव्हते. “होईल,” असे सांगून मी त्यांना घरी पाठवले होते.

आता मी घाईघाईने उपाय सुचवला. “उद्याच लग्न लावून टाका. पुढचे कागद मी बघतो.”

“एक वरीस काम बाकी हाये त्याचं.”

“तेवढं वर्ष माफ करा,” मी म्हणालो.

“माफ करीन जी. पन तिकडं आपरेशनच्या टेबलावर काही झालं तं माह्या पोरीनं काय करावं?”

मागे उभी असलेली सुनीता, त्यांची मुलगी, पुढे आली. “मी बसतो लग्नाले. मले कोनी विचारलं का?”

“मी नाई बसत,” बिरजू श्वास घेत घेत म्हणाला. “मांडवात उभं राहाले तं दम पायजे. नीट झालो का करू.”

एकच वाट उरली. ते नाव चुकीच्या कारणाने कमी झाले, हे लेखी द्यायचे. पण तसे कोण देणार? दोन वर्षांपूर्वीच्या अर्जाच्या तळाशी लेखनिक म्हणून माझी सही होती. खोटी माहिती, म्हणजे गुन्हा. टेबल जाईल. कदाचित पोलीस येतील. मी पेन उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

बिरजू माझ्याकडे पाहत होता. “लिवनारबाबू, मी मेलो तं माह्यं नाव कोनत्या कार्डावरून कापसान?”

त्यावर एकटा तोच हसला, आणि लगेच त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी पहिली ओळ लिहिली होती. ‘अर्जदार’ या शब्दापुढे मी पहिल्यांदाच स्वतःचे नाव घातले.

पुरवठा निरीक्षक मॅडमनी अर्ज दोनदा वाचला.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“आणि दोन वर्षांपूर्वीचं?”

“तेही मीच.”

“हे मी रेकॉर्डवर घेतलं तर काय होईल, कळतं ना?”

“कळतं, मॅडम. घ्या.”

“उद्या त्याच्या वडिलांना जबाबासाठी आणा.”

लालसूभाऊ स्वतः मोटारसायकलवर नदीपलीकडे गेले आणि शुक्रवारी दुपारी व्याह्यांना घेऊन आले. जबाब झाला. सायंकाळी वडिलांच्या कार्डावर नाव पूर्ववत चढले. शनिवारी सेतू केंद्रात विम्याच्या कार्डासाठी आधार पडताळणीचा अंगठा लावायचा होता. बिरजूची बोटे थंडगार पडली होती. मशीन अंगठा घेईना. एकदा, दोनदा, तीनदा. ऑपरेटर म्हणाला, “सोमवारी या.”

“सोमवारी काऊन? थांब ना, भाऊ!” सुनीता म्हणाली. तिने बिरजूचा अंगठा दोन्ही तळहातांत धरला आणि घासत राहिली. चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला आणि कार्ड निघाले.

ऑपरेशन झाले. बिरजू परत आला. मला आवारात बसण्याची मनाई झाली. आता माझे टेबल कंपाउंडबाहेर चिंचेखाली असते. फॉर्ममध्ये योग्य रकाना नसेल, तर खरे कारण कोऱ्या कागदावर लिहून जोडावे, एवढे मी शिकलो. दाखल्यासाठी दोन चकरा जास्त पडतात, इतकेच.

लालसूभाऊंनी उरलेले वर्ष माफ केलेले नाही. फक्त नांगराऐवजी शेताची राखण दिली आहे. लग्न उन्हाळ्यात आहे. नोंदणीचा अर्ज माझ्याकडेच आला आहे. तो मी लग्न लागल्यावरच लिहिणार आहे.