ब्रास घासणाऱ्या माणसाची परीक्षा

मला त्या परीक्षेत एकच वाक्य बोलायचे होते आणि ते मी बोललो नाही. वयाची पंचावन्न उलटल्यावर हे लिहितो आहे. 

ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. आमच्या बेटावरच्या क्युरपिप शहराजवळच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवत असे. वडील सरकारी कचेरीत होते. आमच्या घरात वह्यांना कव्हर घालण्याची आणि हात स्वच्छ ठेवण्याची शिस्त होती. परदेशातून पदवी घेऊन आलो तेव्हा बेअरिंगमधल्या तेलाच्या थराचे समीकरण मी फळ्यावर न अडखळता मांडू शकत होतो. प्रत्यक्ष बेअरिंग मात्र मी कधी बसवले नव्हते, आणि माझे विद्यार्थी माझ्यासारखेच तयार होत होते. पावसाळी क्युरपिपच्या त्या वर्गात आम्ही खिडक्या बंद करून यंत्रे शिकत होतो.

साखर कारखान्यात सहा महिने ऊस गाळतात, त्याला आमच्याकडे कूप म्हणतात. कूप चालू असताना कुणाला कशालाही हात लावू देत नाहीत. ती संपली की सगळी यंत्रे उघडून मांडतात, घासतात, पुन्हा बसवतात. एका वर्षी मी विद्यार्थ्यांना मुद्दाम त्या उघडण्याच्या दिवसांत कारखान्यात घेऊन गेलो. तिथे काका भेटले.

काका मोंतान्य ब्लांश गावचे, आपल्या मराठी मंडळींपैकी, कारखान्यातले सर्वांत जुने फिटर. शाळा सहावीपर्यंत. उसाच्या चरकाचे रोलर ज्या पितळी अर्ध-वाट्यांमध्ये फिरतात त्यांना तिथे सगळे ब्रास म्हणत. त्या वाट्या रोलरच्या दांड्याला तंतोतंत बसेपर्यंत हाताने घासून आणणे हे काकांचे काम. माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला त्यांनी जवळ बोलावले, त्याचे बोट धरून ब्रासवरून फिरवले.

"इथं काय लागतं?"

"गुळगुळीत."

"आणि इथं?"

"इथंही गुळगुळीत."

"आयो! मग तुझं बोट अजून झोपलंय. आधी त्याला उठव, मग पुस्तक उघड."

सगळे हसले, तो विद्यार्थीही हसला. आणि तासाभराने त्याच विद्यार्थ्याने डोळे मिटून ब्रासची झिजलेली बाजू दाखवली. परतीच्या बसमध्ये मुले त्याच एका गोष्टीबद्दल बोलत होती. मी दोन वर्षे शिकवलेल्या कशाबद्दलही ती कधी अशी बोलली नव्हती.

मी प्राचार्यांच्या मागे लागलो. काकांना आमच्या वर्कशॉपमध्ये शिक्षक म्हणून एक वर्षासाठी घेतले. अट एकच होती: वर्षाच्या आत कारागिरीची प्रमाणपत्र परीक्षा पास व्हायची, तरच नोकरी कायम. कारखान्यातली कायमची जागा सोडताना काकांनी मला विचारले, "बाळा, ही परीक्षा मला जमेल ना?" मी म्हणालो, "काका, तुमच्यासाठी ती नुसती औपचारिकता आहे." त्या शब्दावर त्यांनी राजीनामा दिला.

ते वर्ष आमच्या संस्थेचे सर्वांत चांगले वर्ष होते. कारखान्याने टाकून दिलेले ब्रास काकांनी उसाच्या ट्रकवर टाकून आणले. दांडा आणि ब्रास यांच्यात किती फट राहिली हे ते सिगारेटच्या पातळ कागदाने पाहत. चार ठिकाणी कागदाचे तुकडे घालायचे, एकेक ओढून बघायचा; चारही सारख्या ताणाने निघाले की ब्रास बसला. एका विद्यार्थ्याने हा गावठी प्रकार म्हणून नाक मुरडले, तेव्हा काकांनी त्यालाच मायक्रोमीटर आणायला लावले. कागदाची जाडी भरली एक हजारांश इंच. मी स्वतः ती फळ्यावर लिहिली. पुढे दर आठवड्याला कागदाचे नवे पाकीट उघडले की काका आधी त्याची जाडी मोजून घेत.

लेखी परीक्षेसाठी मी त्यांना चार महिने शिकवले. इंग्रजी वाक्ये ते झाकडीच्या, म्हणजे आमच्या गणपतीतल्या नाचाच्या, गाण्यासारखी चालीवर पाठ करत, आणि काठावर का होईना, पास झाले. राहिली प्रात्यक्षिक परीक्षा. तिच्याबद्दल आम्हा दोघांनाही काळजी नव्हती.

तिच्या आधी गणेश चतुर्थी आली. मोंतान्य ब्लांशला काका झाकडीत ढोलकी वाजवत होते. मी कुटुंबासह गेलो होतो, त्यांच्या शेजारी पंगतीला बसलो. संस्थेतल्या कुणीतरी आम्हाला तिथे पाहिले असावे. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी चहा ढवळत मला म्हणाला, "काय हो, तुमच्या गणपतीनं पेपर आधीच सांगितला का तुमच्या माणसाला?" सगळे हसले. मीही हसलो. पण 'तुमच्या माणसाला' हे शब्द दिवसभर माझ्या अंगाला चिकटून राहिले. आमच्या बेटावर एकाच कचेरीत इतक्या जातीधर्मांची माणसे शेजारी बसतात की कोण कुणाला पुढे ढकलतो यावर सगळ्यांचे डोळे असतात. असा आरोप एकदा लागला की तो निवृत्तीपर्यंत सोबत चालतो. त्या परीक्षेत मी अंतर्गत परीक्षक होतो, आणि मी त्याच संध्याकाळी मनाशी ठरवून टाकले की काकांना माझ्याकडून तिळभरही झुकते माप मिळता कामा नये.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, फक्त इंग्रजी बोलणारे. काम होते एक लहान ब्रास दांड्याला बसवायचा, फट चार ठिकाणी मोजायची आणि आकडे छापील तक्त्यात भरायचे. मोजण्यासाठी संस्थेने पोलादी पात्यांचा गेज दिला होता. काकांनी सर्वांच्या आधी ब्रास बसवला. मग गेजची पाती उलटसुलट करून पाहिली, बाजूला ठेवली, खिशातून कागद काढला आणि चार तुकडे घातले. तक्ता त्यांनी कोराच ठेवला.

परीक्षकांनी रिकाम्या रकान्यांवर बोट ठेवून कारण विचारले. काका क्रिओलमध्ये, बेटावरच्या रोजच्या बोलीत, सांगू लागले: त्या पात्यांना गंज धरलाय, त्यांच्यावर विश्वास नाही, ब्रास बरोबर बसलाय, कागद ओढून बघा, जे गेजनं मोजलं नाही ते गेजच्या रकान्यात कसं लिहू? परीक्षकांना त्यातले अक्षरही कळले नाही. उमेदवाराचे तोंडी म्हणणे अंतर्गत परीक्षकाने भाषांतर करून सांगावे, अशी नियमातच सोय होती. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हे काय सांगताहेत?"

मला म्हणायचे होते: या कागदाची जाडी मोजलेली आहे, मायक्रोमीटर लावून पाहा. इतकेच. पण माझ्या उजव्या बाजूला, दुसऱ्या टेबलावर देखरेख करत, तोच सहकारी उभा होता. तो काम थांबवून ऐकत होता, किंवा मला तसे वाटले. मी परीक्षकांना म्हणालो, "त्यांनी गेज वापरला नाही, असे ते सांगताहेत."

यातला शब्दन् शब्द खरा होता. परीक्षकांनी मान हलवली आणि चारही रकान्यांवर एक तिरकी रेघ ओढली. काकांनी त्या रेघेकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी हातातली यादी वाचू लागलो.

निकाल महिन्याने लागला. मोजमापाचे सगळे गुण गेले होते. त्यानंतर मी जे केले त्याची मला आणखी लाज वाटते, कारण ते सगळे उशिरा आणि सुरक्षित अंतरावरून केले. परीक्षा मंडळाला तीन पानी पत्र लिहिले. उत्तर आले की प्रात्यक्षिक परीक्षेचे निर्णय फिरवता येत नाहीत. प्राचार्यांना भेटलो; ते म्हणाले, "तुम्ही तिथेच उभे होतात, तेव्हाच का नाही बोललात?"  मुलांनी सह्यांचा अर्ज दिला, तो कुठल्या फायलीत गेला ते मला शेवटपर्यंत कळले नाही. डिसेंबरात काकांची मुदत संपली. कारखान्यात त्यांची जागा भरली गेली होती. यंत्रे उघडण्याच्या चार महिन्यांपुरते त्यांना हंगामी म्हणून घेतले, त्यांनीच शिकवलेल्या फिटरच्या हाताखाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. काकी दारातच होत्या. "या, मोठे साहेब. आज वाट चुकलात होय?" असे म्हणून त्या आत गेल्या. काका परसात पपईच्या झाडाखाली बसून फावड्याला दांडा बसवत होते. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. स्टाफरूममधला टोमणा सांगितला, माझी भीती सांगितली, मी काय बोललो आणि काय बोललो नाही तेही सांगितले. 

काका म्हणाले, "इंग्रजी मला येत नाय, बाळा. पण मी इतका वेळ बोललो, आणि तू एवढंसंच सांगितलंस. तेव्हाच मला कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात, काका? तिथे आणखी कुणालाही विचारता आलं असतं."

"आणखी कुणाला कशाला विचारू? तू होतास ना."

काकींनी चहा आणून माझ्यासमोर ठेवला आणि त्या परत आत गेल्या. काकांनी फावडे उलटे करून जमिनीवर आपटले, दांडा घट्ट झाला का ते पाहिले.

"पोरांना आता कोण शिकवतं?"

"मीच."

"आणि ब्रास?"

ब्रास कपाटात बंद होते. प्रमाणपत्र असलेला शिक्षक मिळेपर्यंत ते बाहेर काढू नयेत असा लेखी आदेश होता, आणि तो आदेश पाळण्याची जबाबदारी माझी होती. मी फळ्यावर त्यांची आकृती काढत होतो, चार बाण दाखवून फट लिहीत होतो. हे मी त्यांना सांगितले.

काकांनी माझ्या हातांकडे पाहिले. मग म्हणाले, "चहा घे. निवतोय."

मी खाली बसून चहा प्यायलो. ते फावडे घेऊन शेताकडे निघाले, आणि त्यांच्या मागे जावे की बस गाठावी हे न कळून मी तिथेच बसून राहिलो.