किहीमची लाल गाडी

किहीमला आमच्या शेजारच्या बंगल्यात दोन दारांची जुनी जर्मन गाडी आहे. पळवली की तिची किंमत उतरते, म्हणून मुंबईचे मालक तिला फाटकाबाहेर काढू देत नाहीत. राखणदार रोज विहिरीच्या पाण्याने तिच्यावरचा खारा थर पुसतो आणि रविवारी तेवढं इंजिन चालू करतो.

एकदा मला म्हणाला, "बसा की बाजूला."

गाडी जागच्या जागी गुरगुरत होती. स्टिअरिंग धरून त्याने डोळे मिटले.

"नागाव गेलं," तो म्हणाला. जरा वेळाने, "रेवदंड्याचा पूल आला बगा."

मीही डोळे मिटले. याच रस्त्याने पुढे काशीदच्या किनाऱ्यावर मी पन्नासदा गेलोय, पण इतकी ओढ कधी लागली नव्हती. आता समुद्र दिसणार, एवढ्यात त्याने चावी फिरवली.

"उतरा. मालकांनी पंधराच मिनटं सांगितलीत."