भावाचा मेंदू आणि माझा लाल भात

धाकट्या भावाला चौथीच्या स्कॉलरशिपला बसवलं, त्या वर्षी आमच्या घरात नवा कायदा आला. त्याने चायनीज खायचं नाही, बर्फाचा गोळा नाही, रंगीत गोळ्या नाहीत. नव्वदीची सुरुवात होती, आम्ही चाळ सोडून मीरा रोडला नवीनच आलो होतो. शेजारच्या गुजराती काकींनी आईला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "भाभी, वो चायनीजवाले सफेद पावडर डालते हैं ना, उससे बच्चों का दिमाग सुन्न हो जाता है. और कलर से तो पूछो मत." आई घरात आली ती थेट भावाच्या डोक्यावर हात ठेवायलाच.

"आणि मी?" मी विचारलं. मी तेव्हा सहावीत होते.

"तू खा गं, तुला काय होतंय!"

आधी मला आनंदच झाला, वेडी कुठली! शनिवारी बाबा चायनीजच्या गाडीवरून लालभडक भात बांधून आणायचे, तो अख्खा माझा. भाऊ वरणभात चिवडत माझ्या ताटाकडे बघायचा आणि मी मुद्दाम बोटं चाटायचे. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडायला लागला. सकाळी त्याला चार भिजवलेले बदाम, तेही आईने सोलून भरवलेले. त्याने गोळ्याच्या गाडीकडे नुसतं बघितलं तरी आई त्याचा हात ओढायची. माझी जीभ काला खट्टाने जांभळी झाली तर म्हणायची, "तोंड धू आणि भांडी लाव."

चौथीत मीही त्याच परीक्षेला बसले होते आणि सपशेल आपटले होते. म्हणजे माझ्या डोक्यात आता राखण्यासारखं काही उरलेलंच नाही, असं हिचं ठरलं होतं की काय? जीव नुसता जळायचा माझा. बदामांसाठी नाही हो! मलाही कुणीतरी "खाऊ नकोस" म्हणावं, हातावर चापट मारावी, एवढंच हवं होतं.

एकदा मुद्दाम म्हटलं, "आई, डोकं दुखतंय. पावडरीने असेल."

"मग आज खेळायला जाऊ नकोस," म्हणाली, आणि भावाच्या पुस्तकाला कव्हर घालत बसली.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी पाण्याचा टँकर आला. आईबाबा बादल्या घेऊन खाली धावले. मी माझी प्लेट भावापुढे सरकवली.

"आई मारेल."

"नाही सांगत. देवाशप्पथ."

अर्धी प्लेट फस्त केली मेल्याने! मीच त्याचं तोंड साबणाने धुतलं. त्यात माया नव्हती, खरं सांगते. तो नापास व्हावा, माझ्यासारखा व्हावा, असं मला मनापासून वाटत होतं.

त्याला स्कॉलरशिप मिळाली. आईने बिल्डिंगभर बर्फी वाटली, हिरवीगार आणि गुलाबी. काकींच्या दारात ती म्हणाली, "आपने बोला वो सब बंद किया, इसलिए हुआ."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. अर्धी प्लेट खाल्लीय त्याने, अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. तेवढ्यात काकींनी हनुवटीने माझ्याकडे खूण करून विचारलं, "और इसका क्या हुआ था?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ये तो सब खाती थी. मैंने कभी रोकाच नहीं. मेरी ही गलती." आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उद्यापासून तुझंही बंद हं."

त्या पावडरीने मेंदू खरंच बिघडतो का, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. पण भावाचं काही बिघडलं नव्हतं, म्हणजे माझंही त्या पावडरीने बिघडलं नसणार, एवढा हिशोब मला त्या दारातच जमला. आईचा हात अजून डोक्यावर होता. मी हातातली गुलाबी बर्फी गुपचूप परत डब्यात ठेवली आणि त्या अर्ध्या प्लेटबद्दल अवाक्षर काढलं नाही.