डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर

बस डेपोच्या ऑफिसातल्या टायपिस्टला सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याच्या ओळंब्यासमोर भिंतीची लबाडी चालत नाही, तशी याच्यासमोर कागदाची चालायची नाही. साधा रजेचा अर्ज असला तरी त्याचा समास केसभर हलायचा नाही. प्रिंट निघाली की हा ती उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघत बसायचा. बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाहीत." त्यावर हा म्हणायचा, "तू आधीपासूनच सरळ आहेस." उत्तर झकास होतं, पण बाईचं म्हणणंही खोटं नव्हतं.

टाइपरायटर जाऊन संगणक आले तेव्हा बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि हा मात्र खुलला. एक बटण दाबलं की पानाचे दोन कॉलम होतात, हे पाहून त्याला हर्ष झाला. शिकवायला आलेल्या बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "कॉलम बातमीपत्राला ठीक. त्यात मजकूर डावीकडून खाली उतरतो आणि मग उजवीकडे वर चढतो. दोन गोष्टी समोरासमोर ठेवायच्या असतील तर टेबल करा, म्हणजे एक सरकली की दुसरीही सरकते." याला टेबल आवडलं नाही. पानाला खिडकीचे गज लावल्यासारखं दिसतं म्हणे. त्या रेघा लपवता येतात हेही बाई सांगत होत्या, पण तोवर याचं लक्ष उडालं होतं. हुशार माणसाची हीच खोड. अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपल्या अकलेने पुरं करायचं.

तेव्हापासून डेपोतल्या चौकश्यांचे जबाब तो आपल्या पद्धतीने टाइप करू लागला. सगळे प्रश्न डाव्या कॉलमात, सगळी उत्तरं उजव्या कॉलमात, आणि मध्ये मध्ये एंटर दाबून प्रत्येक उत्तर आपापल्या प्रश्नासमोर आणून ठेवायचं. कागदावर सगळं देखणं दिसायचं. आत मात्र त्या दोन कॉलमांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसायचा.

वर्कशॉपमधला फिटर हा त्याचा जिवाभावाचा मित्र. दोघं दुपारी मागच्या बाकावर एकत्र डबा खायचे. फिटरचे हात कायम ग्रीसने माखलेले, त्यामुळे ओळंब्याने एखादा कागद दाखवला की तो दोन बोटांनी कोपरा धरायचा आणि म्हणायचा, "छापल्यासारखं आहे रे!" "छापलेलंच आहे, गाढवा," हा म्हणायचा. एवढ्याशा विनोदावर त्यांची वर्षानुवर्षं हसण्याची सोय झाली होती.

मग एक दिवस उतारावर एका बसचे ब्रेक लागले नाहीत. बस भिंतीवर आदळली आणि आतल्या एका बाईचा पाय गेला. त्या सकाळी बस फिटरने तपासली होती. ब्रेकमधला दोष त्याला दिसला होता, तो त्याने सुपरवायझरला सांगितलाही होता. "एक फेरी मारून येऊ दे, मग बघू," असं सुपरवायझर म्हणाला आणि बस त्यानेच सोडली. आता तो कानांवर हात ठेवून मोकळा झाला. फिटरची चौकशी लागली, आणि त्याची नोकरी आणि अब्रू त्या एका जबाबावर येऊन ठेपली. "जे घडलं ते सांग," ओळंबा त्याला म्हणाला, "लिहून घ्यायला मी आहे ना."

चौकशीसाहेबांना पाल्हाळ खपत नसे. हो किंवा नाही, एवढंच उत्तर. ब्रेकमध्ये दोष आढळला का? हो. तो वरिष्ठांना सांगितला का? हो. दोष माहीत असताना गाडी तुम्ही सोडली का? नाही. गाडी सोडण्याचा हुकूम वरिष्ठांनी दिला का? हो. आणखी काही सांगायचं आहे का? नाही. फिटर घामाघूम झाला होता, पण न अडखळता बोलला. ओळंब्याने कच्चं उतरवून घेतलं, टाइप केलं आणि कच्चे कागद फाडून टाकले. टेबलावर पसारा त्याला सहन व्हायचा नाही.

प्रिंट काढणार एवढ्यात साहेबांनी वरच्या एका प्रश्नात बसचा नंबर घालायला सांगितला. त्याने तो घातला. एका ओळीचा प्रश्न दोन ओळींचा झाला आणि त्याच्या खालचे सगळे प्रश्न एकेक ओळ खाली गेले. उत्तरं जागच्या जागी राहिली. ओळंब्याची नजर गेली ती फक्त पानाच्या तळाशी. शेवटचं "नाही" आपल्या प्रश्नापेक्षा ओळभर वर लटकत होतं. त्याने एक एंटर मारून ते खाली आणलं आणि दोन्ही कॉलमांचे तळ एका रेषेत आले. समाधानाने त्याने प्रिंट काढली.

फिटरपुढे कागद आला. "वाचून सही करा," साहेब म्हणाले.

"यानं टाइप केलंय," फिटर म्हणाला, "वाचायचं काय त्यात?" आणि सही करून मोकळा झाला.

पुढे निकाल आला तो बडतर्फीचा. निकालात लिहिलं होतं की दोष आढळूनही त्याने वरिष्ठांना सांगितला नाही, गाडी स्वतः सोडली, आणि वरिष्ठांच्या हुकुमाबद्दल विचारलं तेव्हा तो निरुत्तर झाला. ओळंब्याने धावत जाऊन संगणकावरची फाईल उघडली आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. सांगितला का, यासमोर "नाही". तुम्ही सोडली का, यासमोर "हो". हुकमाच्या प्रश्नासमोर कोरी जागा. पण या माणसाच्या बोटांना वाकडं बघवेना. विचार करायच्या आत त्यांनी ओळी जागेवर आणल्या, फाईल सेव्हही केली, आणि उत्तरं कशी सरकली हे दाखवायला जो एकमेव पुरावा होता तोही आपल्याच हाताने पुसला.

साहेबांपुढे तो रडकुंडीला आला. साहेबांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही दोघं एकत्र जेवता ना?"

"हो साहेब."

"आणि ही फाईल आज बदललेली दिसते. कोणी बदलली?"

"मीच. पण साहेब, तुमच्यासमोर तो बोलला होता!"

"महिन्याला मी किती चौकश्या घेतो, ठाऊक आहे? माझ्या लक्षात माणसं राहत नाहीत, सही केलेला कागद राहतो. जा आता, नाहीतर तुमचीही चौकशी लावावी लागेल."

तो फिटरच्या घरी गेला. फिटर खुर्चीत बसला होता. हात इतके स्वच्छ होते की ओळंब्याला त्यांच्याकडे बघवेना. त्याने सगळं सांगून टाकलं. कॉलम, एंटर, तळाची ओळ, काहीही लपवलं नाही. शिव्या खायची, वेळ पडली तर मार खायचीही त्याची तयारी होती.

फिटर मात्र हळूच हसला. "तुझ्या हातून? तुझ्या हातून कधी काही सरकलंय का?"

"अरे, सरकलं! गाडी सोडली का, यावर तू 'नाही' म्हणाला होतास, मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"घाबरलो होतो रे मी. मीच हो म्हणालो असेन. आधी वाटायचं, सुपरवायझरला सांगितलं होतं. पण निकालासोबत आलेला तो जबाबाचा कागद वाचून वाचून आता तेही नक्की आठवत नाही. न सांगताच सोडली असेन गाडी. त्या बाईचा पाय माझ्यामुळेच गेला."

"मुलांची शपथ घेऊन सांगतो!"

"शपथ घेऊ नकोस. माझ्यासाठी तू काहीही बोलशील, माहीत आहे मला." फिटरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बायको चहा घेऊन दारात उभी होती, तिच्याकडे वळून तो म्हणाला, "ऐकलंस ना? माझा गुन्हा स्वतःवर घ्यायला आलाय. मित्र असावा तर असा."