बंद करायला चाळीस वर्षं

मी काय काम करते हे सांगायला मला दोन वाक्यं लागतात, आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत समोरचा माणूस बहुतेक मोबाइल बघायला लागलेला असतो. पहिलं वाक्य असं: पूर्वेकडच्या एका देशात समुद्राच्या काठावर एक अणुवीज केंद्र आहे, काही वर्षांपूर्वी तिथे अपघात झाला आणि आतलं इंधन वितळलं. दुसरं असं: ते केंद्र आता पूर्ण उतरवायचं आहे, त्याला चाळीस वर्षं लागणार आहेत, आणि त्यातलं कुठलं काम कोणत्या वर्षी करायचं, त्याला किती पैसे लागतील, याचा आराखडा अंधेरीच्या एका ऑफिसात तयार होतो. तो करणाऱ्या सहा जणांतली मी एक.

सोसायटीतल्या बायका विचारतात, त्यात धोका वगैरे नाही ना? मी सांगते, आमच्या ऑफिसातली सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे कँटीनची मिसळ. बाकी सगळं संगणकावर.

पैशांचं गणित तसं सरळ आहे. तिथली वीज कंपनी दर वर्षी एका निधीत रक्कम भरते. त्या निधीतून कोणत्या वर्षी किती काढायचे हे आमच्या आराखड्यावरून ठरतं, आणि एक सरकारी मंडळ त्यावर शिक्का मारतं. म्हणजे मी एखादं काम दोन वर्षं पुढे ढकललं की तिकडे कुणाच्या तरी विजेच्या बिलाला धक्का बसतो. पहिले सहा महिने या विचाराने मला नीट झोप लागायची नाही. मग सवय झाली.

तो देश आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. त्यामुळे त्यांची साडेनऊची मीटिंग म्हणजे आमची सकाळची सहाची. ती मी नाहूरच्या घरातून, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी लॅपटॉप ठेवून करते. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा परळच्या एका कापड गिरणीत सूतखात्यात फिटर होते. आता पंचाहत्तरीला आलेत, पण पाचला उठायची सवय गेलेली नाही. माझी मीटिंग चालू असली की ते समोर चहा घेऊन बसतात. इंग्रजी फारसं कळत नाही, तरी लक्ष देऊन ऐकतात. रेडिओ ऐकावा तसं.

त्या सकाळी आमचा मॅनेजर खुशीत होता. तो माझ्याच वयाचा, बोरिवलीचा, कामाला वाघ आणि स्वतःचं कौतुक करण्यातही वाघ. त्याने आराखड्यातून बरीच मोठी रक्कम वाचवली होती. केंद्रात टर्बाइनची एक लांबलचक इमारत आहे. तिच्या छताखालून रुळांवर धावणारी एक अवाढव्य क्रेन आहे. टर्बाइनचे भाग एकदा बाहेर काढले की क्रेनला काम उरत नाही, मग ती सहाव्याच वर्षी उतरवून भंगारात द्यायची. भंगाराचे पैसे येतील आणि पुढे दर वर्षीची देखभालही वाचेल. पलीकडून निधीचं काम बघणाऱ्या बाई बोलत होत्या. साठीच्या आसपासच्या, मोजून मापून बोलणाऱ्या. त्यांनी दोनदा आभार मानले. त्या कधी एकदाही मानत नसत.

मीटिंग संपली तशी बाबांनी विचारलं, क्रेन क्रेन काय चाललं होतं. मी साखरेचा डबा म्हणजे इमारत आणि चमचा म्हणजे क्रेन असं करून त्यांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंद करूक चाळीस वर्सां? आमची गिरण एका दुपारी बंद झाली."

मी हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

गिरणी बंद झाल्याचं मला माहीत होतं. पण त्यानंतर तीन महिने बाबा तिथेच जात होते, हे माहीत नव्हतं. भंगाराच्या ठेकेदाराला यंत्रं खोलायला माहीतगार माणसं हवी होती. त्याने जुन्या फिटरांनाच रोजावर घेतलं. ज्या यंत्रांची पंधरा-वीस वर्षं निगा राखली, तीच आता नट काढून सुटी करायची. आणि पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराने मालाची लिफ्ट काढून विकली. मोटरीत तांबं होतं, तांब्याला लगेच भाव मिळतो. सूतखातं तिसऱ्या माळ्यावर.

"पयली लिफ्ट इकल्यानी," बाबा म्हणाले. "मगे तीन माळे सगळी यंत्रां आमी खांद्यार घेवन उतरवली."

त्यात एकाचा पाय मोडला. ठेकेदाराला शेवटी बाहेरून भाड्याने कप्प्या आणि माणसं आणावी लागली, त्यात लिफ्टचे पैसे गेलेच, वर पदरचेही गेले. बाबा हे सगळं मिटक्या मारत सांगत होते, जणू ठेकेदाराची फजिती कालच झाली होती. मग त्यांनी कप विसळला आणि विचारलं, ती क्रेन गेल्यावर तिथे उचलायला खरंच काही नाही ना?

नाही, मी म्हटलं. टर्बाइन गेलेलं असेल.

बसमध्ये मात्र मला चैन पडेना. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर पवईपाशी बस नेहमीसारखी अडकली, तेवढ्यात मी मोबाइलवर आराखडा उघडला. आमच्याकडे इमारतींचं काम एक गट बघतो आणि कचऱ्याचं दुसरा. दोघांचे तक्ते वेगळे. मी कचऱ्याचा तक्ता खाली खाली सरकवत गेले. अठराव्या वर्षापाशी थांबले. अणुभट्टीतून निघणाऱ्या कचऱ्याची जड पिंपं काही वर्षं तात्पुरती ठेवायची होती, आणि त्यासाठी जागा निवडली होती तीच, टर्बाइनची रिकामी इमारत. पिंपं हलवायची कशाने, तर ‘इमारतीतली सध्याची क्रेन’. जी आम्ही बारा वर्षं आधीच विकून बसलो होतो.

ऑफिसात पोचले तर मॅनेजर सगळ्यांना कचोरी वाटत होता, बचतीची पार्टी म्हणून. मी त्याला बाजूला घेतलं आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावून दाखवले. त्याने सहावं आणि अठरावं वर्ष बोटाने जुळवून बघितलं. मग म्हणाला, "यार, वाट लागली. तुला हे दिसलं कसं?"

बाबांमुळे, मी सांगितलं. आधी त्याला थट्टा वाटली. लिफ्टची गोष्ट ऐकल्यावर हसायचा थांबला. त्याने हिशोब करून बघितला. तोपर्यंत त्या इमारतीतही किरणोत्सर्ग असणार, तिथे नवी क्रेन बसवायची तर खर्च वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट. जुनी सांभाळणं स्वस्त, पण मग बचत गेली. त्याने एकदा असंही सुचवलं की अठरावं वर्ष अजून लांब आहे, पुढच्या सुधारित आराखड्यात गुपचूप दुरुस्त करू. त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की त्यालाही ते पटलेलं नाही. त्याने कचोरीचा उरलेला तुकडा खाल्ला आणि म्हणाला, उद्या सकाळी तूच सांग त्यांना, तुझ्यावर त्या कमी रागावतील.

दुसऱ्या दिवशी सहाला मी सांगितलं. बाबा समोर होतेच. बाई म्हणाल्या की कमी झालेला आकडा त्यांनी कालच वरपर्यंत कळवला आहे. मग त्यांनी विचारलं, हे तुम्ही तपासलं कशावरून? मी बाबांची गोष्ट थोडक्यात सांगितली, सांगताना वाटत होतं की हे असं अधिकृत मीटिंगमध्ये सांगतात का. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"आत्ता मला मान खाली घालावी लागली तरी चालेल," त्या शेवटी म्हणाल्या. "अठराव्या वर्षी माझ्या खुर्चीत जी कुणी असेल, तिच्यावर ही वेळ यायला नको."

क्रेन राहिली. आकडा परत वर चढला, आणि मंडळाला दोन पानी स्पष्टीकरण गेलं. ते मीच लिहिलं. आणि त्याबरोबर आम्ही आराखड्यात एक नवा रकाना घातला: प्रत्येक वस्तूचं शेवटचं काम कोणत्या वर्षी. सगळ्या याद्या परत तपासल्या तर आणखी चार घोटाळे निघाले. त्यातला एक इतका मजेशीर होता की मॅनेजरने तो ऑफिसच्या फळ्यावर लिहून ठेवला. भंगाराचे ट्रक मोजायचा वजनकाटा आम्ही भंगार निघायच्या आदल्या वर्षीच मोडीत काढला होता.

काही महिन्यांनी बाई तीन दिवसांच्या आढाव्यासाठी मुंबईत आल्या. प्रत्यक्षात फारच लहानखुऱ्या निघाल्या, आणि आमच्या लिफ्टमधल्या गर्दीला अजिबात घाबरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, तुमच्या वडिलांना भेटता येईल का? मॅनेजरला वाटलं होतं त्या फिल्मसिटी बघायला मागतील. त्याने गाडीची सोयही करून ठेवली होती. ती गाडी नाहूरला आली.

बाबांनी आदल्या दिवशी भांडुपच्या बाजारात जाऊन स्वतः बांगडे आणले. मला कुणी विचारलंही नाही. बाईंनी बांगडा असा काटा काढून साफ केला की बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. तिथून पुढे दुभाषी म्हणून माझं काम फार सोपं झालं. बाबांनी ताटल्या, वाट्या मांडून सूतखातं उभं केलं, कुठल्या यंत्राचा कुठला भाग आधी सुटतो ते दाखवलं. बाई वहीत चित्रं काढत होत्या.

मग बाबांनी विचारलं, तुमचं काम संपल्यावर त्या जागेचं काय होणार?

बाई म्हणाल्या, अजून ठरलेलं नाही. त्यांचं स्वतःचं माहेर त्या केंद्रापासून जवळ आहे. अपघातानंतर सगळं गाव हलवलं, काही कुटुंबं परत आली, काही नाही. दर महिन्याला गावकऱ्यांसोबत सभा असते. पैसे किती लागले, किती उरले, काम कुठे अडलं, सगळं त्यांच्यापुढे मांडावं लागतं. लोक फार रागावतात. कधी कधी त्या घरी जाऊन रडतात.

मी हे मराठीत सांगितलं. आमच्या गिरणीच्या जागी आता काचेचे टॉवर आहेत, बाबा म्हणाले, आम्हाला कुणी बोलावून विचारलं नाही. मग माझ्याकडे वळले: "तिका सांग, रागावतत म्हणजे येतत तरी."

मी सांगितलं. बाईंनी चॉपस्टिक धरावी तसा चमचा बोटांत धरला होता, तो त्यांनी खाली ठेवला आणि बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांना काय करावं कळेना. त्यांनी आणखी एक बांगडा वाढला.

बाई परत गेल्या, आणि त्यांनी तिकडच्या नियमपुस्तकात आमचा तो रकाना घालून घेतला. इकडे मॅनेजरच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे कुणीतरी अर्धा तास बोलतं, तिथे बाबांनी यावं. बाबांनी चार वेळा नाही म्हटलं. पाचव्या वेळी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

ऑफिसातले बहुतेक जण पंचविशीतले. गिरणी म्हणजे त्यांच्या लेखी मॉलचं नाव. बाबा आधी बारा मिनिटं फक्त वंगणावर बोलले, कुठल्या चाकाला कुठलं तेल. मला वाटलं झालं, आता सगळे मोबाइल काढणार. पण कुणी काढले नाहीत. मग लिफ्टची गोष्ट आली आणि सगळे खो खो हसले.

शेवटी मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं, स्वतःचीच यंत्रं खोलताना तुम्हाला कसं वाटलं?

मला तो प्रश्न विचारायचं कधी सुचलं नव्हतं, किंवा धीर झाला नव्हता. बाबा म्हणाले, तीन महिने रोजगार मिळत होता, घरात ही लहान होती, वाटून काय करणार. मला वाटलं एवढंच सांगून ते बसतील.

"पण मी प्रत्येक यंत्र पुसून, तेल घालून दिलं," ते म्हणाले. "ठेकेदार हसायचा. भंगारात जाणाऱ्याला तेल कशाला, म्हणायचा. म्हटलं, तुला भंगार दिसतं. मी माझं काम पूर्ण करतोय."

ऑफिसात ते घरची मालवणी सोडून शुद्ध मराठीत बोलत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मुलं टाळ्या वाजवायला लागली तसे ते गडबडले आणि मला विचारलं, तुझ्या कँटीनची ती मिसळ कुठे मिळते. मी नको नको म्हणत असताना मॅनेजर त्यांना घेऊनही गेला. बाबांनी दोन प्लेट खाल्ल्या, वर तर्री मागून घेतली, आणि त्यांना काहीही झालं नाही.