पावलोने मशीनला हात लावला

“मॅडम, पेपर बघितला का?” कुलथे साहेबांनी फोनवर नमस्कारही केला नाही. “पावलोचा फोटो आलाय. आणि आत्ता एसपी ऑफिसमधून फोन होता. परदेशी नागरिकांचं काम बघणाऱ्या मॅडमनी खुलासा द्यायला बोलावलंय.”

ईशा, नील, तुम्ही दोघं विचारता की आजी रिटायर झाल्यावरही सावेडीहून स्कूटर काढून नागापूरला कशाला जाते. त्याचं उत्तर या फोनमध्ये आहे. नागापूरच्या एमआयडीसीतल्या दोन-तीन कंपन्यांना मी कामगार कायदे आणि व्हिसा यांबाबत सल्ला देते. त्यातली ही एक कंपनी इटलीतल्या एका कुटुंबाची. वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने साच्यात भरून सुटे भाग करायचे, हा त्यांचा धंदा. कुलथे साहेब इथले प्लांट हेड. आणि पावलो हा मालकांनी पाठवलेला टेक्निशियन. नव्या मशीनची नस ओळखणारा त्यांच्याकडे तो एकटाच.

पावलो आला होता बिझनेस व्हिसावर. या व्हिसावर माणूस मीटिंग करू शकतो, कारखान्यात फिरू शकतो, काम कुठवर आलं ते बघू शकतो. पण मशीन बसवणं किंवा चालू करून देणं हे काम झालं. त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. तो त्या माणसाला स्वतःच्या देशातून काढून आणावा लागतो, इथे बसून सहसा बदलून मिळत नाही आणि त्याला वेळ लागतो. मालकांना घाई होती, म्हणून त्यांनी लवकर मिळणारा व्हिसा काढला. पावलो फक्त बघेल आणि आपली माणसं करतील, असं ठरलं. मी कारखान्यात मशीनपाशी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, पावलोने मशीनला हात लावायचा नाही.

मी कंपनीत पोचले, तेव्हा कुलथे साहेबांच्या टेबलावर पेपर पसरलेला होता. फोटो खंडेनवमीचा. मशीनला झेंडूची माळ, पावलोच्या कपाळावर भलं मोठं कुंकू, बोट हिरव्या बटणावर. खाली ओळ होती, ‘इटलीच्या अभियंत्याच्या हस्ते यंत्र सुरू.’ शेजारी हसत उभा होता आमचा सुपरवायझर रंगनाथ. त्यानेच तो फोटो मोठ्या हौसेने पेपरला पाठवला होता. रंगनाथ शेवगावकडचा. त्याच्या गावाकडची कितीतरी मुलं या नव्या मशीनसाठी भरती झाली होती.

“रंगनाथ, मी काय सांगितलं होतं?”

“म्याडम, आमी त्याला काम कुठं सांगितलं? मान दिला. पाव्हना एवढ्या लांबून आलाय, आन् नारळ मी फोडायचा? शोभतं का ते?”

“आणि बटण?”

“नवं मशीन हाय. मुहूर्ताला येकदा दाबावं लागतं.”

“फक्त बटणच दाबलं ना?”

रंगनाथ साहेबांकडे बघायला लागला. साहेब खिडकीकडे.

मग हळूहळू बाहेर आलं. बटण दाबल्यावर हायड्रॉलिकचा आवाज बिघडलेला आला. पावलो आधी हाताची घडी घालून उभा राहिला. मग त्याने कोट काढला. मग पाना मागितला आणि मशीनखाली गेला. बाहेर आला तो कोपरापर्यंत तेलाने माखून, आणि आवाज गेलेला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवले.

“आन् म्याडम, खंडेनवमीला हत्यारं, मशीन समद्यांना सुट्टी असती,” रंगनाथ म्हणाला. “त्या दिवशी आमी कामच धरत न्हाई. मग त्यानं केलं ते काम कसं व्हईल?”

इतकी वर्षं कायद्याची पुस्तकं वाचली, पण असा मुद्दा मला कुठे सापडला नव्हता. मला हसू आलं, आणि ते लपवताही आलं नाही.

कुलथे साहेबांना हसू येत नव्हतं. धोका खरा होता. पावलोचं नाव काळ्या यादीत गेलं, तर त्याला पुन्हा भारतात येता येणार नव्हतं. आवाज गेला असला, तरी मशीन उत्पादनाला लावून देणं बाकी होतं. ते कोण करणार? आणि भरती झालेल्या त्या मुलांचं काय?

“आपण बटणाचंच सांगू,” साहेब म्हणाले. “पेपरात तेवढंच आहे. स्टेटस एका दिवसात जातात. आता कुणाकडे काही नाही.”

“पावलोला विचारलं तर?”

“त्याला समजावू.”

“मग मी येत नाही,” मी म्हणाले. “माझ्यासमोर मी त्याला खोटं बोलू देणार नाही. चूक सांगितली, तर ती चूक राहते. लपवली की तिचा गुन्हा होतो.”

तेवढ्यात इटलीहून मालकांचा व्हिडिओ कॉल आला. साठीचे गृहस्थ, बोलायला मऊ. त्या दिवशी मात्र आवाज चढला होता. “पैसा आम्ही आणला, मशीन आम्ही आणलं. ते ज्याला कळतं त्यानेच हात लावायचा नाही? हा कुठला नियम?”

मी म्हणाले, “सर, तुमच्या कारखान्यात मी आमचा फिटर टूरिस्ट व्हिसावर पाठवला, तर तुमचे पोलीस काय करतील?”

त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, “तुम्ही जा. खरं तेच सांगा.”

मला त्यांचं म्हणणं पूर्ण चूक वाटत नाही. नियम का आला, ते मला माहीत आहे. बाहेरच्या कंपन्या वेल्डर, फिटरसुद्धा घरून आणायला लागल्या, तर शेवगावच्या पोराने कुठे जायचं? पण मोठ्या कंपनीकडे हे सांभाळायला वकिलांची फौज असते. छोट्या कंपनीकडे एक पावलो असतो. नियम दोघांना एकच. वाट आहे, पण लांबची, आणि बाहेरून येणाऱ्याला ती लांबी आधी कुणी नीट सांगत नाही.

त्याच दिवशी मी, कुलथे साहेब आणि पावलो एसपी ऑफिसला गेलो. पीएसआय मॅडम तरुण होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही, सरळ पावलोला इंग्रजीत विचारलं, “तुम्ही मशीनवर काम केलंत का?”

कुलथे साहेबांनी डोळे मिटले.

“हो,” पावलो म्हणाला. “मला करायचं नव्हतं. पण मशीनला त्रास होत होता.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पावलोने कुणी न विचारता पान्याचं, तेलाचं, आवाजाचं सगळं सांगितलं. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. “मॅडम, तुम्ही वयाने मोठ्या, म्हणून सांगते. माझा चुलतदीर तुमच्याच कंपनीत आहे. मशीनखालून बाहेर आलेले यांचे पाय मी खंडेनवमीच्या संध्याकाळीच त्याच्या स्टेटसवर बघितले. आज नुसतं बटण ऐकवलं असतंत, तर मी वर वेगळाच रिपोर्ट पाठवला असता.”

कुलथे साहेबांनी पाणी मागितलं.

लेखी ताकीद मिळाली. पावलोने परत जायचं आणि योग्य व्हिसा काढून यायचं. काळ्या यादीत नाव नाही. जाताना त्याने मशीनवर फिरवायला हात उचलला, माझ्याकडे बघितलं आणि तो खिशात घातला.

मशीन थंडीभर बंद राहिलं. झेंडूची माळ वाळून काळी झाली, तरी पोरांनी काढली नाही. ती मुलं जुन्या मशीनवर आळीपाळीने काम करत राहिली. दोघं कंटाळून सोडून गेली, ती काही परत आली नाहीत. उन्हं तापायला लागली, तेव्हा पावलो एम्प्लॉयमेंट व्हिसा घेऊन आला. विमानतळावरून थेट कंपनीत आला आणि मला म्हणाला, “आता?”

“आता लाव,” मी म्हणाले.

यंदाच्या खंडेनवमीला मला मुद्दाम बोलावलं होतं. पूजा झाली. पावलो सवयीने मशीनकडे वाकला, तर रंगनाथने त्याचं मनगट धरलं.

“नो टच, पावलोभाऊ. आज मशीनला सुट्टी.”

पावलोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. या नियमावर माझा सल्ला चालत नाही.

ईशा, तू जर्मनीत शिकता शिकता कॅफेत ठरलेल्या तासांइतकंच काम करतेस. नील, तू कॅनडात परमिटची वाट बघतोयस. तिथले नियम तुम्हाला आडमुठे वाटतात, ते मला फोनवर ऐकू येतं. असतीलही. पण परक्या ठिकाणी पोचल्यावर आधी एवढं विचारून घ्यावं, की इथे बघणं कुठे संपतं आणि काम कुठे सुरू होतं. आणि कुणी फारच प्रेमाने बटणापाशी नेलं, तर आणखी एकदा विचारावं.