तपासणीच्या दिवशी मावशी

हातात कागद असलेला माणूस दारात दिसला की मावशी उठून उभ्या राहायच्या. मग तो वीजबिलवाला असो, लग्नपत्रिका द्यायला आलेला शेजारी असो, नाहीतर मी. आधी पदर खोचायचा, गुडघ्यावर हात टेकून एक दम घ्यायचा, आणि उभं राहून म्हणायचं, "समदं ओके हाय."

अहो, अजून कुणी काही विचारलेलंसुद्धा नसायचं!

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळा जन्म सरकारी दवाखान्यात नाहीतर कचेरीत खालच्या जागेवर काढलेली. निवृत्त होऊन किती वर्षं लोटली तरी साहेब आल्यासारखा कणा ताठ. मावशी कंधारच्या. तालुक्याच्या दवाखान्यात त्या आया होत्या, त्यामुळं पेशंटपासून डॉक्टरपर्यंत सगळे मावशी म्हणायचे आणि पुढं गावही तेच म्हणायला लागलं. त्यांचं खरं नाव माझ्या फॉर्मवर तेवढं होतं.

मी नांदेडची. एका संस्थेचा म्हातारपणावर अभ्यास चालला होता, त्यात घरोघर जाऊन मोजमाप घ्यायचं काम माझ्याकडं. कंधारपासून पार शिरूर अनंतपाळपर्यंतची गावं. पिशवीत मुठीचा जोर मोजायचं यंत्र, एक फीत आणि सेकंद मोजायचं घड्याळ. म्हाताऱ्या माणसानं यंत्र दाबायचं, चार मीटर चालायचं, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायचं. मग प्रश्न. थकवा येतो का, वजन उतरलं का, वर्षभरात कधी पडलात का. एवढ्यावरून माणूस अशक्त की सशक्त ते ठरायचं.

अशक्त ठरला तर त्याच्या घरी आठवड्यातून दोनदा एक शिकलेली बाई येऊन व्यायाम करून घ्यायची. न्हाणीत धरायला भिंतीला दांडा बसवून मिळायचा, चालायला वॉकर मिळायचा. सशक्त ठरला तर काय? तर पुढच्या वर्षी पुन्हा मी. आणि हे त्या माणसाला आधी सांगायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. "सांगितलं तर लोक मुद्दाम लंगडतील," असं आमचे सर म्हणायचे. सर शिकलेले, हुशार. पण मावशी त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

पहिल्या वर्षी गेले तेव्हा मावशी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. फरशी पुसलेली, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला ताजा हार, माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची झटकून ठेवलेली. घरात त्या एकट्याच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला कंपनीत.

"या म्याडम."

"मावशी, मी तुमच्या नातीएवढी. ताई-बिई म्हणा की."

"हातात फाइल हाय न्हाई का? मंग म्याडमच."

यंत्र त्यांनी असं आवळलं की मानेच्या शिरा दिसायला लागल्या. "किती आलं?" मी म्हटलं, चांगलं आलं. तेवढ्यानं त्यांचं भागेना. "गल्लीत आनखी कुनाचं मोजलाव? माझ्याहून जादा कुनाचं न्हाई ना?" प्रश्नांना तर माझं वाक्य पुरं होऊ देईनात. थकवा? न्हाई. वजन? ओके. पडलात का? "म्या कशाला पडू?" खरं सांगते, मला बरं वाटलं. चार घरी रडगाणी ऐकून आल्यावर असा चटचट भरणारा फॉर्म कुणाला नको असतो?

चहा घेताना त्यांनी दवाखान्यातल्या तपासणीची गोष्ट सांगितली. "जिल्ह्याहून साहेब येनार म्हनलं की आमी आदल्या दिवशी फाटक्या चादरी माळ्यावर टाकायचो. कपाटातल्या नव्या कोऱ्या चादरी खाटांवर. पेशंटला सांगून ठिवायचं, साहेबानं इचारलं तर ओके म्हना."

"आणि साहेब गेल्यावर?"

"गेल्यावर घड्या घालून परत कपाटात! मळल्या तर पुढल्या तपासनीला काय घालावं?"

हसता हसता त्यांना ठसका लागला. मलाही हसू आवरेना. मग पाणी पिऊन त्या जरा गंभीर झाल्या. "नोकरीला लागले तवा डॉक्टर म्हनला, ही काडी काय स्ट्रेचर उचलनार, दुसरी कुनी बघा. म्या तिथल्या तिथं एका बाजूनं उचलून दावलं. पाठीत कळ आली, पन दावलं. तवापासून ध्यानात ठिवलंय म्याडम, कागदवाल्यापुढं कमी दिसायचं न्हाई. कमी दिसला तो गेला."

फॉर्मवर सशक्त असं आलं. मी सही घेतली आणि नांदेडची गाडी गाठली.

दुसऱ्या वर्षीही तेच. पाच वेळा उठणं, ओके, ओके. पण मी वेंधळी, फीत त्यांच्याकडंच विसरले. दुसऱ्या दिवशी न कळवता परत गेले. दार नुसतं लोटलेलं. आत पाहते तर मावशी फरशीवर बसून, दोन्ही हातांवर भार देऊन, माठाकडं सरपटत चाललेल्या. अंगावर जुनं पातळ, केस मोकळे. मला पाहिलं आणि त्यांनी उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. मी धावले तर हातानंच नको म्हणाल्या. "काय न्हाई म्याडम, जरा गोळी सांडली होती, हुडकून राहिले."

शेजारी मणियारांचं घर. तिथली भाभी बांगड्यांचं दुकान बघते आणि मावशीला दोन वेळा डबा देते. तिनं मला बाहेर ओढलं. "तुमी येनार म्हनल्यावर दोन दिवस आधीपासून दुखायच्या गोळ्या खाती ती. भिंत धरून चालायची प्रॅक्टिस करती. आन् तुमी गेल्यावर चार चार दिवस अशी पडून राहती. या साली दोनदा न्हानीत पडली. तुमाला न्हाई बोलली?"

मला राग आला, आणि तोही मावशींचाच. म्हटलं, ही बाई माझ्या डोळ्यांत धूळ फेकते आणि वर चहा पाजते! बसस्टँडवरून सरांना फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, "चाचणीच्या दिवशी जे दिसलं तेच धरायचं. दया येऊन आकडे बदलायला लागलो तर अभ्यास कशाला करायचा?" बोलणं पटण्यासारखं होतं. मी फीत पिशवीत टाकली.

पण ते सरपटणं काही डोळ्यांपुढून जाईना. आमच्या घरी माझी आई न्हाणीत गेली की मी बाहेर उभी राहायला लागले होते. म्हणून तिसऱ्या वर्षी मी ताकीद मोडली. मोजणीच्या आठ दिवस आधी, हात हलवत, नुसतीच कंधारला गेले आणि मावशींना सगळं सांगून टाकलं. दांडा, वॉकर, व्यायामवाली बाई, सगळं.

मावशींनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजी नापास झालं की दांडा भेटतो?"

"हाव."

"उलटंच हाय की तुमचं खातं!" मग त्यांची नजर न्हाणीच्या दाराकडं वळली. तिथल्या ओल्या फरशीची त्यांना भीती वाटत होती, हे मला पहिल्यांदा कळलं. "बरं. या बारीला नापास होते." आम्ही दोघी हसलो. मी त्यांच्याकडून वचन घेतलं. गोळ्या घ्यायच्या नाहीत, जमेल तेवढंच करायचं, पडलात का विचारलं तर हो म्हणायचं.

आणि नेमके मोजणीच्या दिवशी सर आले. लातूरहून, जीप घेऊन. काम कसं चालतं ते बघायला. पांढरा शर्ट, चष्मा, काखेत जाड फाइल. दारातून मी आधी आत डोकावले. मावशी बाजेवर जुन्या पातळात बसलेल्या होत्या, ठरल्याप्रमाणं. त्यांनी सरांकडं पाहिलं, फाइलीकडं पाहिलं, आणि पदर खोचला.

पुढचं मी सांगायला नको. खुर्चीवरून त्या उठल्या. सर मोठ्यानं मोजत होते, एक, दोन, तीन. मी सरांच्या मागून डोळ्यांनी खुणावत होते, अहो मावशी, बसा, बसा ना! माझ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. पाच झाल्यावर सहाव्यांदा उठल्या, न सांगता. ओठ पांढरे पडलेले. "पडलात का हो आजी कधी?" सरांनी विचारलं.

"न्हाई साहेब. समदं ओके हाय."

जीपमध्ये सर खूश होते. "काय काटक बाई आहे हो!" मी तोंड उघडायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. पण पुढच्या महिन्यात माझं काम चालू ठेवायचं की नाही ते सर ठरवणार होते, आणि ताकीद मोडल्याचं कळलं असतं तर? मी म्हटलं, "हो ना सर." मीही पदर खोचून उभी राहिले, दुसरं काय!

दोन महिने उलटले नसतील. भाभी आठवडी बाजाराला गेली होती. दुपारी डबा द्यायला आली तर मावशी न्हाणीत, सकाळपासून पडलेल्या. खुबा मोडला होता. नांदेडला आणलं. भाभीचा फोन आला तशी मी गेले. त्या दिवशी माझ्या हातात ना पिशवी, ना फाइल. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. मावशींचा चेहरा एवढासा झालेला. त्यांनी पहिल्यांदाच मला म्याडम म्हटलं नाही.

"पोरी, मी तर साहेबापुढं उभी राहनारच. जल्म गेला माझा त्यात. पन तू मला सरपटताना पाहिलं होतंस. तू का न्हाई लिव्हलंस?"

रागानं नाही हो, अगदी साधेपणानं विचारलं. रागावल्या असत्या तर मला रडता तरी आलं असतं. मी म्हटलं, "मावशी, तसा नियमच आहे. त्या दिवशी जे दिसलं तेच लिहायचं."

"नियम हाय व्हय? मंग बराबर केलंस." आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. सगळी नोकरी नियमात काढलेली बाई, तिला तेवढं पुरलं. उन्हातून आलीस, पाणी पिलीस का, असंही विचारलं.

चौथ्या दिवशी मावशी गेल्या. मी मातीला कंधारला जाऊन आले.

त्यांना मी एक गोष्ट सांगितली नाही. आमच्या फॉर्मच्या शेवटी तीन ओळी मोकळ्या असतात. आकड्यांपलीकडं मोजणाऱ्यानं काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तर ते लिहिण्यासाठी. ते वाचून पुन्हा तपासणी करता येते. तिथं लिहायला कुठलाच नियम आड येत नव्हता. मावशींच्या शेवटच्या फॉर्मवर त्या जागी माझ्या अक्षरात 'निरंक' लिहिलेलं आहे.